वडिलांचे एक घर, थोडे रान आणि ठेवी : मृत्युपत्र करावेच लागेल का?

प्रश्न : थोरली लेक, जुळे सोलापूर

नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. सूतगिरणीत फिटर म्हणून ३४ वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. त्यांच्या नावावर जे काही आहे ते वहीच्या एका पानावर मावेल : जुळे सोलापुरात १९८९ साली घेतलेल्या जागेवर बांधलेले तीन खोल्यांचे घर, बँकेतल्या आणि पोस्टातल्या ठेवी, आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात आजोबांकडून आलेले दोन एकर कोरडवाहू रान. कर्ज नाही, धंदा नाही, कोर्टकचेरी नाही. आम्ही दोनच भावंडे. मी थोरली, लग्नानंतरही सोलापुरातच आहे. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीत आहे. आई ७० वर्षांची असून दोघे त्या घरातच राहतात. आम्हा भावंडांत आजपर्यंत एकदाही पैशावरून शब्दाला शब्द लागलेला नाही.

गेल्या महिन्यात वडिलांना दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा एका ठेवीची पावती शोधण्यासाठी मी पहिल्यांदाच त्यांची लोखंडी पेटी उघडली. खरेदीखत आणि घरपट्टीच्या सगळ्या पावत्या वर्षवार लावून गिरणीतल्या पांढऱ्या सुताने बांधून ठेवलेल्या होत्या. ज्या माणसाने इतकी काळजी घेतली, त्याच माणसाच्या एका ठेव पावतीवर नॉमिनी म्हणून माझ्या आजीचे नाव निघाले. आजीला जाऊन ११ वर्षे झाली.

ते घरी आल्यावर मी मृत्युपत्राचा विषय काढला. ते म्हणाले, "मी काय आत्ताच चाललो होय? दोन लेकरं, एक घर. त्यात लिहायचं काय?" मला उत्तर सुचले नाही, कारण माझेही मन तेच म्हणत होते. आमच्या आत्यांच्या मते असले कागद इस्टेटवाल्यांनी करावेत. चुलत्यांचे म्हणणे असे पडले की, मी आत्ताच हक्कसोडपत्र, म्हणजे माझ्या वाट्याचा हक्क सोडल्याचा कागद, करून द्यावे म्हणजे पुढे भावाला त्रास नको. मला त्या घराचा हव्यास नाही, पण अशी सही मागितली गेली हे मनाला लागले, आणि ते इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

माझी खरी काळजी आईची आहे. वडिलांच्या मागे तिला त्या घरातून कोणी हलवू नये आणि पैशासाठी तिला आमच्या तोंडाकडे पाहावे लागू नये. इतक्या साध्या मिळकतीला मृत्युपत्राची खरोखर गरज असते का, की नॉमिनी नीट लावले आणि वारसाने जायचे ते जाऊ दिले तरी पुरते? आणि चुलते म्हणतात ते हक्कसोडपत्र आज करता येते का?

उत्तर १ : निवृत्त बँक कर्मचारी, होटगी रोड

ताई, आजींचे नाव असलेली ती पावती घेऊन याच आठवड्यात बँकेत जा. खातेदाराआधी नॉमिनी वारला की ते नामनिर्देशन संपते, म्हणजे त्या ठेवीवर आज कोणाचेच नाव नाही असे समजा. नवा अर्ज भरून पोच घ्या आणि नॉमिनीची नोंद पावतीवर करून मागा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो. आईंचे नाव नॉमिनी म्हणून लावण्यापेक्षा, शक्य असेल तिथे त्यांना संयुक्त खातेदार करून "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी सूचना नोंदवून घेतली, तर वडिलांच्या मागे रोजच्या खर्चाचा पैसा अडकणार नाही.

मात्र ३० वर्षे काउंटरवर बसून जे पाहिले ते सांगतो : नॉमिनी हा मालक असतो अशी निम्म्याहून अधिक ग्राहकांची समजूत असते आणि ती चुकीची आहे. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, पण त्या पैशावर हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव असेल त्याचा राहतो. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आहे. विम्यात २०१५ पासून आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले असेल तर त्यांचा हक्क अधिक पक्का धरला जातो, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. तेव्हा नॉमिनी लावाच, पण त्याने मृत्युपत्राचे काम भागते असे मानू नका.

उत्तर २ : दिवाणी वकील, सोलापूर

मिळकत लहान की मोठी यावरून मृत्युपत्राची गरज ठरत नाही. माझ्याकडे असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो : कागद न करता तुम्ही गेलात तर कायदा जी वाटणी करील, तीच तुम्हाला हवी आहे का? ती माहीत नसताना "लिहायचं काय" असे म्हणणे घाईचे होते.

तुमच्या घरापुरते पाहू. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या मागे पहिल्या वर्गाचे (सर्वांत आधी हक्क पोहोचणारे) वारस म्हणजे तुमच्या आई, तुम्ही आणि तुमचे बंधू. तिघांना सारखा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. मुलीचे लग्न झाल्याने तिच्या हिश्श्यात काही उणे होत नाही. "नवऱ्याच्या मागे सगळे बायकोचेच" हा समज आपल्याकडे सुशिक्षित घरांतही घट्ट बसलेला आहे, पण कायदा तसे म्हणत नाही. घराच्या दोन तृतीयांश हिश्श्याचे मालक त्याच दिवशी तुम्ही दोघे भावंडे होता. आज तुमच्यात गोडी आहे, ती राहोच. पण उद्या कोणाच्या डोक्यावर कर्ज झाले, कोणाच्या सासरच्यांचा आग्रह झाला, तर कोणताही एक हिस्सेदार वाटपाचा दावा लावू शकतो आणि त्या दाव्यात तुमच्या आई प्रतिवादी असतील. तुम्हाला जी काळजी वाटते तिच्यावर वारसा कायद्याकडे इलाज नाही, मृत्युपत्राकडे आहे.

वडिलांच्या मनात काय आहे ते त्यांनीच सांगायचे. घर पूर्णपणे आईंच्या मालकीचे व्हावे असे असेल तर तसे लिहावे. आईंना हयातभर राहण्याचा आणि भाडे घेण्याचा हक्क असावा, विकण्याचा नसावा, आणि त्यांच्या मागे घर दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे जावे असे असेल तर तेही लिहिता येते. मात्र हे दुसरे कलम वकिलाकडूनच लिहून घ्यावे. पत्नीला दिलेला हक्क तिच्या पोटगीच्या जुन्या हक्कापोटी दिला होता की नव्यानेच दिला होता, यावरून तो पूर्ण मालकीचा ठरतो की मर्यादित राहतो, असा वाद याच कायद्याच्या कलम १४ खाली वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि त्यात एकेका शब्दावर निकाल फिरलेले आहेत.

रानाचा प्रश्न वेगळा आहे आणि तुम्ही तो एका ओळीत संपवला आहे. "आजोबांकडून आलेले" म्हणजे नेमके कसे? आजोबांनी ते स्वतः विकत घेतलेले असेल आणि ते १९५६ नंतर वारले असतील, तर त्यांच्या वारसाने वडिलांना मिळालेला हिस्सा वडिलांचा स्वतःचा, आणि तो पूर्ण लिहून ठेवता येतो. पण ते पणजोबांपासून चालत आलेले एकत्र कुटुंबाचे रान असेल, तर त्यात तुमचा आणि तुमच्या भावाचा जन्मतःच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना हा हक्क दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. अशा रानातला फक्त स्वतःचा हिस्साच वडील मृत्युपत्राने देऊ शकतात. तेव्हा जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावे बदलल्याच्या महसुली नोंदी, काढल्याशिवाय रानाबद्दल एक अक्षरही लिहू नका.

आता हक्कसोडपत्राबद्दल. घर वडिलांचे स्वकष्टार्जित आहे आणि ते हयात आहेत, त्यामुळे आज त्या घरात तुमचा हक्क उत्पन्नच झालेला नाही. पुढे कधीतरी वारस होण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ६ सांगते. जो हक्क हातात नाही तो सोडता कसा येईल? तेव्हा ती सही तुम्ही करू नये. कोणी "मग बक्षीसपत्रच करून टाका" असे सुचवले तर वडिलांना एवढे जरूर सांगा की बक्षीसपत्र नोंदले की घर त्यांच्या हातून त्याच दिवशी जाते, तर मृत्युपत्र ते हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतात. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली परत मागता येते. पण म्हातारपणी आपल्याच लेकरांविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहण्याची वेळ कोणावर का यावी?

मृत्युपत्र करणे अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, मराठीत लिहिलेले चालते, किंबहुना वडील स्वतः वाचू शकतील अशा मराठीतच ते असावे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे त्यांनी सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून, किंवा "ही माझीच सही" असे त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदारांना आत काय लिहिले आहे ते कळण्याची गरज नसते. ते वडिलांपेक्षा वयाने बरेच लहान आणि गावातच सापडणारे असावेत, कारण मृत्युपत्र कोर्टात शाबीत करण्यासाठी निदान एका साक्षीदाराला हयात असल्यास बोलावावेच लागते. माझ्या पाहण्यातली अनेक मृत्युपत्रे इथेच अडकली आहेत : दोन्ही साक्षीदार वडिलांचे समवयस्क मित्र, आणि दोघेही त्यांच्या आधी गेलेले.

नोंदणी ऐच्छिक आहे, फी नाममात्र आहे, आणि मी ती करून घेण्याचाच सल्ला देतो. सोलापुरातल्या मिळकतीसाठी मृत्युपत्राचे प्रोबेट (ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) घेणे सक्तीचे नाही. एक विनंती मात्र आहे. मसुदा करून घेणे, साक्षीदार आणणे, कचेरीत नेणे हे सगळे तुम्ही किंवा तुमच्या बंधूंनी पुढाकार घेऊन करू नये. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र घडवून आणण्यात पुढाकार घेतला असेल तर न्यायालय त्याकडे संशयाने पाहते, हे १९५९ पासून ठरलेले सूत्र आहे.

उत्तर ३ : बार्शी

वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी आमच्या घरी काय झाले ते सांगते, कारण आमच्या वडिलांचेही "एकच घर, भांडण कुणाचं?" हेच म्हणणे होते, आणि खरोखरच भांडण कोणाचेही नव्हते.

वडील गेले तेव्हा आई, मी आणि परदेशात असलेला धाकटा भाऊ, अशी आम्ही तिघे होतो. थोरला भाऊ वडिलांच्या चार वर्षे आधी अपघातात गेला होता. त्याच्या मागे वहिनी आणि दोन लहान मुले. दीड वर्षाने आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि तिला माझ्याजवळ छोटी जागा घेण्यासाठी घर विकायचे ठरले. गिऱ्हाईक ठरले, इसारही झाला. तेव्हा कळले की आधीच गेलेल्या मुलाची पत्नी आणि मुले हीदेखील पहिल्या वर्गाची वारस असतात, आणि अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांचा हिस्सा विकायचा तर त्यांच्या आईने सही करून भागत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागते. परदेशातल्या भावाचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून करून मागवायचे होते, त्याला वेगळा वेळ गेला. वहिनी एका शब्दानेही आडव्या आल्या नाहीत, उलट प्रत्येक तारखेला मुलांची शाळा बुडवून त्या हजर राहिल्या. तरीही परवानगी हातात पडायला ११ महिने लागले. गिऱ्हाईक थांबले नाही. आई त्या ११ महिन्यांत कठड्याला धरून जिना चढत-उतरत होती, आणि दर खेपेला मधल्या पायरीवर थांबून मला विचारत होती, "कागद आला का गं?"

वडिलांनी घर आईच्या नावे लिहून ठेवले असते तर तिच्या एका सहीने ते विकले गेले असते. वहिनीला आणि मुलांना काय द्यायचे तेही त्यांनी स्वतः, आमच्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक न्यायाने, ठरवले असते. ताई, तुमच्या वडिलांना भांडणाची भीती घालू नका. ते खरे बोलत आहेत, तुम्ही भांडणार नाही. त्यांना एवढेच विचारा की आईला पुढे पैशाची गरज लागली तर किती जणांच्या सह्या गोळा कराव्या लागाव्यात असे त्यांना वाटते.

उत्तर ४ : महसूल खात्यातून निवृत्त, मंद्रूप

रानाबद्दल दोन गोष्टी. ऑनलाइन सातबारा आणि आठ-अ काढाच, पण त्यावरून रान वडिलांकडे कसे आले ते पूर्ण कळणार नाही. सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक दिसतात ते मागे मागे धरत जा, जुने हस्तलिखित फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेसाठी अर्ज करून मिळतात. पणजोबांचे नाव कोणत्या सालच्या नोंदीत आहे आणि चुलत्यांशी वाटप कशाने झाले हे तिथेच सापडेल. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असा शेरा असेल तर वकिलांना तो आधी दाखवा.

दुसरे असे की, माणूस गेल्यावर वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, आता ती ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सेवेवरूनही देता येते. मृत्युपत्र असले तरी तलाठी सगळ्या वारसांना नोटीस काढतात आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात, त्यामुळे मृत्युपत्र दाखवले की त्याच दिवशी नाव लागते असे नाही. आणि सातबाऱ्यावर नाव लागणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. ती नोंद महसुलासाठी असते. मी नोकरीत असताना हे किती जणांना सांगितले असेल याची गणती नाही, आणि ऐकून घेतलेले फार थोडे.

उत्तर ५ : विजापूर वेस

वर सांगितलेली वाटणी हिंदू वारसा कायद्याची आहे. आम्हा मुसलमान वाचकांनी ती जशीच्या तशी धरू नये. आमच्यात कर्ज आणि दफनविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत (मृत्युपत्र) करता येते, आणि जो मुळात वारस आहे त्याला वसीयतीने जादा द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. माझ्या वालिदांनी म्हणून हयातीतच आईला हिबा (बक्षीस) करून ताबा दिला होता.

प्रश्नकर्ती : थोरली लेक, जुळे सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मला परत लिहायला पाच आठवडे लागले, कारण फेरफारांच्या नकला मिळायला वेळ गेला. रान पणजोबांच्या नावाचे निघाले. म्हणजे ज्या रानाला मी दोन एकर म्हणून एका ओळीत सोडून दिले होते, त्यात माझा आणि भावाचा हक्क आधीपासूनच आहे, आणि चुलते ज्या हक्कसोडपत्राबद्दल बोलत होते ते कदाचित त्या रानापुरते असावे. भावाला मी फोनवर हे सगळे वाचून दाखवले. तो म्हणाला, "ताई, तू कुठेही सही करू नकोस, काकांशी मी बोलतो."

बार्शीच्या ताईंचा मजकूर मी वडिलांना वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि आईला हाक मारून विचारले, "तुला हे घर विकावंसं वाटलं तर?" आई म्हणाली, "मी कशाला विकतेय?" ते म्हणाले, "वाटलं तर, असं विचारतोय." आईने बराच वेळ उत्तर दिले नाही, आणि मग म्हणाली की, असल्या वेळी पोरांना विचारायला लागू नये एवढेच तिला वाटते. वडिलांनी त्यावर काही टिप्पणी केली नाही, पण दुसऱ्या दिवशी ते एकटेच रिक्षाने त्यांच्या ओळखीच्या वकिलांकडे जाऊन आले. घर आईच्या पूर्ण मालकीचे व्हावे असे त्यांनी लिहायला सांगितले आहे, एवढेच मला कळले आहे. बाकीचे मी विचारलेले नाही. आजीचे नाव असलेल्या ठेवीवर आता आई संयुक्त खातेदार आहे.

एक शंका राहिली. वडिलांच्या डॉक्टरांनी, ते शुद्धीवर आणि समजून-उमजून सही करत आहेत असा दाखला देण्याचे मान्य केले आहे. तेच डॉक्टर दोन साक्षीदारांपैकी एक म्हणून चालतील का? आणि सहीच्या दिवशी मी तिथे असावे का?

उत्तर : दिवाणी वकील, सोलापूर

डॉक्टर साक्षीदार म्हणून चालतात, आणि तसे केलेले अधिक चांगले. दाखला त्याच कागदाच्या शेवटी, त्याच तारखेचा असावा. वडिलांनी प्रत्येक पानावर सही करावी आणि कुठे खाडाखोड झाली असेल तर तिच्याशेजारी त्यांची आणि दोन्ही साक्षीदारांची सही घ्यावी. घर आईंच्या मालकीचे होणार असेल तर पुढे त्यांनीही स्वतःचे मृत्युपत्र करावे. सहीच्या दिवशी तुम्ही आणि बंधू दोघांनीही तिथे नसावे. रिक्षापर्यंत सोडायला जायला हरकत नाही.